विश्लेषण : कोलकात्यात ‘डर्बी’ रंगते, मग अकोला–अमरावतीत का नाही?

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्यातील दोन जुने प्रतिस्पर्धी २०२३ मध्ये ड्युरंड चषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले. असा सामना आता अकोल्यातील वा अमरावतीतील तरुण हातातल्या मोबाइलवर पाहू शकतो. हावड्याला जाणारी गीतांजली एक्स्प्रेसही अकोला आणि बडनेरा या दोन्ही स्थानकांवर थांबते. प्रेक्षकाला कोलकाता दूर नाही. फुटबॉल खेळणाऱ्या वऱ्हाडी मुलाला मात्र तिथवर नेणारी वाट दिसत नाही. हे असे का, आणि त्यात बदल कशाने होऊ शकतो?

२०२३ च्या अंतिम सामन्यात काय घडले?

ड्युरंड चषक ही आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. १८८८ मध्ये ती शिमल्यात ब्रिटिश फौजेसाठी सुरू झाली, पुढे दिल्लीत रुजली आणि २०१९ पासून तिचे मुख्य केंद्र कोलकाता झाले. आजही तिचे आयोजन सैन्यदलांकडे आहे.

२०२३ च्या स्पर्धेत या दोन क्लबांची गाठ दोनदा पडली. १२ ऑगस्टला साखळी फेरीत ईस्ट बंगालने नंदकुमार शेखरच्या गोलवर १–० असा विजय मिळवला. त्याआधी सलग आठ डर्बी सामने हरलेल्या क्लबसाठी तो विजय सणासारखा होता. ३ सप्टेंबरला सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना झाला. दुसऱ्या सत्रात मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळाले आणि संघ दहा खेळाडूंवर आला. तरीही ७१ व्या मिनिटाला दिमित्री पेट्राटोसने गोल केला आणि मोहन बागानने १–० ने चषक जिंकला. हे त्यांचे १७ वे विजेतेपद. ईस्ट बंगालच्या नावावर तेव्हा १६ होती. या दोघांत याआधीचा ड्युरंड अंतिम सामना २००४ मध्ये झाला होता आणि तो ईस्ट बंगालने २–१ असा जिंकला होता.

म्हणजे १९ वर्षांनी हिशेब पुन्हा मांडला गेला आणि तो एका गोलने सुटला. निकाल एवढाच. पण हा हिशेब एवढी वर्षे लोकांच्या लक्षात राहतो, हा खरा कुतूहलाचा विषय आहे.

ही चुरस एवढी खोल का?

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २–१ ने हरवले. त्या दिवशी ११ पैकी १० भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. पारतंत्र्यातल्या लोकांसाठी तो विजय मैदानापुरता उरला नाही.

ईस्ट बंगालचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. पूर्व बंगालमधील एका खेळाडूला जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात बाहेर ठेवले, त्या रागातून हा क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली. घरदार सोडून कोलकात्यात आलेल्या लाखो निर्वासितांना या लाल–पिवळ्या रंगात आपले गाव सापडले. एका बाजूला मूळचे पश्चिम बंगालमधले ‘घोटी’, दुसऱ्या बाजूला पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’. एकाच्या विजयावर कोळंबी, दुसऱ्याच्या विजयावर हिलसा, अशी वाटणी स्वयंपाकघरापर्यंत गेली.

१३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हे दोन संघ भिडले, तेव्हा सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षक असल्याची नोंद आहे. बायचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या जोरावर ईस्ट बंगालने तो सामना ४–१ असा जिंकला.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. हे दोन क्लब राष्ट्रीय चषकात भेटण्याआधी आणि नंतरही दरवर्षी स्थानिक लीगमध्ये भेटत राहिले. कोलकाता लीग १८९८ पासून खेळली जाते. राष्ट्रीय अंतिम सामना हे झाडाचे फळ आहे; मुळे मात्र शहराच्या लीगमध्ये आहेत.

चुरस आणि वैर यांत फरक काय?

या चुरशीची काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात गॅलरीत हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली. १६ प्रेक्षकांचा जीव गेला. सामना पाहायला गेलेली पोरे घरी परतली नाहीत.

त्यामुळे ‘आपल्याकडेही असे वेड हवे’ असे म्हणताना थोडे थांबायला हवे. प्रतिस्पर्धी हवा, शत्रू नको. प्रतिस्पर्धी पुढच्या वर्षीही लागतो, कारण त्याच्याशिवाय आपला विजय अपुरा असतो. ही समज मैदानावर, पंचांच्या शिट्टीखाली आणि वेळापत्रकाच्या शिस्तीतच येते. चांगली लीग खेळाडूंइतकीच प्रेक्षकांनाही घडवते.

हे फक्त बंगालमध्येच शक्य आहे का?

‘फुटबॉल बंगाल, केरळ आणि गोव्याचा, आपला नव्हे’ असा समज महाराष्ट्रात पक्का आहे. तो खोडून काढायला कोल्हापूर पुरेसे आहे. तिथे कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळे हीच फुटबॉलची घराणी झाली. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ असतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो. हुल्लडबाजीमुळे सामने अडल्याचे प्रसंग तिथेही घडले आहेत. पण खेळ थांबलेला नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

कोल्हापूरचा धडा साधा आहे. फुटबॉल तिथे बाहेरून आणून लावलेला नाही. तो तालमीच्या मातीतच रुजवला गेला.

आणि तालमीची माती वऱ्हाडात कमी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. वैद्य बंधूंनी एका आखाड्यापासून सुरू केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर केली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे आणि तिथून शिकून गेलेले क्रीडा शिक्षक ठिकठिकाणच्या शाळांत आहेत. ज्या गावाने मातीतला खेळ बर्लिनपर्यंत नेला, त्या गावाला क्लब म्हणजे काय हे कुणी शिकवण्याची गरज नाही.

मग वऱ्हाडात नेमके काय कमी आहे?

खेळणारी पोरे आहेत. अमरावतीत सायन्सकोर मैदान, नेहरू मैदान, विभागीय क्रीडा संकुल आहे. अकोल्यात लालबहादूर शास्त्री स्टेडियम आणि वसंत देसाई क्रीडांगण आहे. शालेय स्पर्धांची उतरंडही आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. फुटबॉलमध्ये सुब्रतो चषकाच्या निमित्ताने शाळेच्या संघाला थेट देशपातळीपर्यंत जाता येते, निदान कागदावर तरी.

अडचण त्यापुढे आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की संघाचा त्या वर्षीचा फुटबॉल संपला. वर्षभर सराव करून मुलाला दोन किंवा तीन सामने मिळाले तर तो शिकणार कधी? दहावी–बारावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांसाठी प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते, सरकारी नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठीही तेच. या सवलती चुकीच्या नाहीत. अनेक गरीब घरांना त्यांनी आधार दिला आहे. पण प्रमाणपत्र हाती आले की बूट माळ्यावर जातात, हेही तितकेच खरे.

अठराव्या–एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे खेळ खरा उमलतो त्या वयात, वऱ्हाडातील फुटबॉलपटूसमोर विद्यापीठाचा संघ, पोलीस भरतीची तयारी, नाहीतर सुट्टीतल्या एखाद्या बक्षीस स्पर्धेत पाहुणा खेळाडू म्हणून जाणे एवढेच पर्याय उरतात. आठ महिने चालणारी, घरच्या आणि परक्या मैदानावर खेळली जाणारी, वरच्या दर्जाला जोडलेली लीग त्याच्या वाट्याला येत नाही. वऱ्हाडाचा एकही क्लब आजवर आयएसएल किंवा आय-लीगमध्ये खेळलेला नाही. गुणवत्तेअभावी असे झाले, असे म्हणता येत नाही. गुणवत्ता मोजायचे मापच इथे लावले गेले नाही.

क्रिकेटमध्ये जमले, फुटबॉलमध्ये का नाही?

इथे विदर्भाच्या क्रिकेटकडे पाहणे उपयोगी ठरते. विदर्भाचा संघ १९५७–५८ पासून रणजी करंडकात स्वतंत्रपणे खेळतो. पहिली साठ वर्षे त्याच्या नावावर विजेतेपद नव्हते. मग २०१७–१८ मध्ये दिल्लीला, २०१८–१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून विदर्भाने सलग दोनदा करंडक उचलला. २०२४–२५ मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांच्यात रणजी अंतिम सामना झाला. ५३८ धावांचे लक्ष्य समोर असताना विदर्भाने चौथ्या डावात ३६८ पर्यंत झुंज दिली आणि १६९ धावांनी सामना गमावला. पराभूत संघात अकोल्याचे दोन खेळाडू होते, सलामीवीर अथर्व तायडे आणि वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला आहे आणि २०२५ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बेंगळूरुच्या संघातही होता. अकोला आणि अमरावतीतून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत जाता येते, हे आता सिद्ध करावे लागत नाही.

फरक पडला तो रचनेमुळे. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे, ११ जिल्ह्यांचा स्वतंत्र संघ आहे, आणि त्या संघाचे दार विदर्भातील मुलांसाठी उघडे आहे. फुटबॉलमध्ये तसे नाही. सगळा महाराष्ट्र वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या एकाच संघटनेखाली येतो आणि तिचे केंद्र मुंबईतील कूपरेज. संतोष करंडकासाठी राज्याचा एकच संघ निवडला जातो. कूपरेजपासून अकोला साधारण पावणेसहाशे किलोमीटर. एवढ्या अंतरावरच्या पोराचा खेळ निवड समितीच्या नजरेत यायचा कसा?

तरीही एक गोष्ट फुटबॉलच्या बाजूची आहे. राष्ट्रीय क्रिकेटमध्ये गावाला स्वतःचा संघ उतरवता येत नाही. प्रदेशाच्या संघात आपला पोरगा निवडला जाण्याची वाट पाहावी लागते. फुटबॉलमध्ये क्लब हा गावाचा, पेठेचा, कॉलेजचा असू शकतो आणि तोच क्लब पायरी चढत देशपातळीवर जाऊ शकतो. राज्याच्या लीगमधून आय-लीग ३, मग आय-लीग २, मग त्यावरची पायरी, असा रस्ता नियमात आहे. म्हणजे अकोल्याला वा अमरावतीला स्वतंत्र संघटनेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पहिली पायरी मात्र गावातच बांधावी लागेल.

पैसा आला की प्रश्न सुटतो का?

‘एखादा मोठा उद्योगपती आला पाहिजे’ हे या चर्चेतील ठरलेले वाक्य. महाराष्ट्राचा अनुभव वेगळे सांगतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन चषक दोनदा जिंकला, २००८ मध्ये ड्युरंड चषकही उचलला. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलसोबत आली आणि २०१९ मध्ये संपली. त्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. २०२५ मध्ये तर प्रसारण आणि व्यापारी हक्कांच्या करारावरून खुद्द आयएसएलचाच हंगाम लांबणीवर पडला. वरून आलेला पैसा वरच्याच एका निर्णयाने परत जातो.

याउलट उदाहरण डायमंड हार्बरचे. पश्चिम बंगालमधील या छोट्या गावाच्या नावाचा क्लब २०२२ मध्ये सुरू झाला. तीन वर्षांत तो खालच्या लीग जिंकत वर आला आणि २०२५ च्या ड्युरंड चषकात उपांत्य फेरीत ईस्ट बंगालला २–१ ने हरवून अंतिम फेरीत पोहोचला. तिथे नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांचा ६–१ असा फडशा पाडला, हा भाग वेगळा. या क्लबमागे खासदार अभिषेक बॅनर्जी यांचे बळ आहे, हे लपून राहिलेले नाही. पण राजकीय बळ आणि पैसा देशात अनेक ठिकाणी आहे. डायमंड हार्बरला वर चढता आले, कारण चढायला बंगालमध्ये लीगच्या पायऱ्या होत्या. पायऱ्या नसलेल्या गावात तोच पैसा एका दिवसाच्या बक्षीस स्पर्धेत, मांडवात आणि फ्लेक्सवर संपतो.

सरकारी उत्साहाचीही हीच मर्यादा. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर एकाच दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. कल्पना चांगली होती. पण चेंडू एका दिवसात वाटता येतो, खेळ एका दिवसात रुजत नाही.

मग सुरुवात कुठून व्हावी?

मोठ्या स्टेडियमपासून नाही. अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे क्षेत्रही हेच. प्रत्येक जिल्ह्यातून दोन क्लब घेतले तरी दहा संघांची लीग होते. प्रत्येक संघाने दुसऱ्याशी घरी एक आणि बाहेर एक सामना खेळायचा म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात १८ सामने येतात. बाद स्पर्धेतल्या दोन–तीन सामन्यांशी याची तुलना करून पाहावी. मुलींच्या संघांसाठी सुरुवात लहान ठेवावी, पण ती पहिल्याच वर्षी व्हावी.

वेळापत्रक वऱ्हाडाच्या हवामानाला धरून हवे. एप्रिल–मे मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी सामना ठेवणे हा खेळ नव्हे, छळ आहे. भर पावसात काळ्या मातीच्या मैदानावर बूट उचलत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. याच दिवसांत कापूस वेचणी आणि परीक्षा असतात, म्हणून सामने रविवारी. अकोला–अमरावती अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. सकाळी निघालेला संघ सामना खेळून रात्री घरी जेवायला पोहोचतो. प्रवासखर्च हा अशा लीगचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि इथे तो आवाक्यातला आहे.

तीन गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. पहिली, क्लबचे नाव आणि रंग दरवर्षी बदलू नये. प्रायोजक बदलला तरी गावाचे नाव कायम राहावे. दुसरी, तारखा आधी जाहीर व्हाव्यात आणि कुणा पाहुण्याच्या सवडीसाठी सामना पुढे ढकलला जाऊ नये. तिसरी, पंच बाहेरचे आणि प्रशिक्षित असावेत, कारण पंचावरचा विश्वास उडाला की चुरशीचे वैर व्हायला एक सामना पुरतो.

यावर ‘प्यायच्या पाण्याची, पिकाच्या भावाची ओरड असलेल्या भागात फुटबॉल कशाला?’ असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. पण संध्याकाळी पाच वाजता मैदान रिकामे असेल, तर गावातला तरुण कुठे असतो, याचेही उत्तर मग शोधावे लागेल. ज्या भागातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी दोन दशके देश हळहळला, त्या भागातील पोरांना पुढच्या रविवारची वाट पाहायला एखादे कारण असणे ही चैन नव्हे.

निकाल कधी दिसेल?

लवकर नाही. विदर्भाच्या क्रिकेटला पहिल्या रणजी करंडकासाठी साठ वर्षे लागली. मोहन बागानला शिल्ड जिंकायला २२ वर्षे लागली. अकोला–अमरावतीचा एखादा क्लब दहा वर्षांत आय-लीगच्या खालच्या पायरीवर जरी पोहोचला, तरी ती मोठी कमाई ठरेल. ड्युरंडचा अंतिम सामना त्यानंतरची गोष्ट.

तोवर दरवर्षी एक सामना पुरेसा आहे. एका वर्षी शास्त्री स्टेडियमवर, पुढच्या वर्षी अमरावतीत. अकोल्याची पोरे बडनेऱ्याला उतरतील, हरून परत जातील, आणि रात्री मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यात एकच वाद चालेल : तो दुसरा गोल ऑफसाइड होता की नव्हता. कोलकात्यातही गोष्ट अशाच एका वादातून सुरू झाली होती.